कौशल्याचा निवाडा किती डावांनंतर?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद या कायद्याने गौण ठरवला. त्यापूर्वी मात्र अनेक दशके तोच भेद निर्णायक होता. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. पोकरबाबत एकवाक्यता कधीच झाली नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळले, नागालँडने त्याला कौशल्याच्या खेळांच्या यादीत स्थान दिले, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नशिबाचा खेळ ठरवला.

या मतभेदाच्या मुळाशी एक न विचारलेला प्रश्न आहे: निवाडा किती डावांनंतर करायचा? पोकरच्या मोठ्या स्पर्धेत बक्षिसे साधारणतः वरच्या दहा-पंधरा टक्के खेळाडूंनाच मिळतात आणि त्यांतील मोठा वाटा पहिल्या काही जणांकडे जातो. त्यामुळे निष्णात खेळाडूही बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परततो. हजार खेळाडूंच्या अशा स्पर्धेचे गणित मांडले, तर एका स्पर्धेतील प्राप्तीचे प्रमाण विचलन प्रवेशशुल्काच्या सुमारे सातपट भरते. समजा, एखादा खेळाडू दीर्घकाळात सरासरी २० टक्के नफा मिळवण्याइतका निपुण आहे. शंभर स्पर्धांनंतर त्याच्या सरासरीतील अनिश्चितता ७० टक्के असते. तेव्हा तो तोट्यात असला तरी नवल नाही. दहा हजार स्पर्धांनंतर ती ७ टक्क्यांवर येते आणि कौशल्य स्पष्ट दिसू लागते. अनिश्चितता निम्मी करायची, तर स्पर्धा चौपट लागतात.

कौशल्य भ्रामक आहे, असा याचा अर्थ नव्हे. स्टीव्हन लेव्हिट आणि थॉमस माइल्स या अभ्यासकांनी लास व्हेगासमधील २०१० च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरचे निकाल तपासले. आधीच निपुण म्हणून ओळखल्या गेलेल्या खेळाडूंना सरासरी ३० टक्क्यांहून अधिक नफा झाला, तर इतरांना सुमारे १५ टक्के तोटा. मात्र हे सत्य शेकडो खेळाडूंचे निकाल एकत्र केल्यावरच दिसले; एका खेळाडूच्या एका हंगामातून ते दिसले नसते.

धोरणकर्त्यांसाठी यातला धडा दुहेरी आहे. कौशल्य दीर्घकाळात सिद्ध होते, तोटा मात्र याच महिन्यात होतो. पगारातून प्रवेशशुल्क भरणाऱ्या सामान्य खेळाडूची पुंजी तो ‘दीर्घकाळ’ येण्यापूर्वीच संपते. शिवाय प्रत्येक स्पर्धेत आयोजक आपला हिस्सा कापून घेतो, म्हणून सर्व खेळाडू मिळून तोट्यातच राहतात. जाहिरातीतला विजेता यांपैकी काहीच सांगत नाही. म्हणून ‘कौशल्याचा खेळ, म्हणजे निरुपद्रवी’ हा युक्तिवाद टिकत नाही. आणि ‘बहुसंख्य हरतात, म्हणजे निव्वळ नशीब’ हाही टिकत नाही.

बंदीचे समर्थन करायचे असेल, तर ते हानीच्या आधारे करावे लागेल. त्या बंदीलाही हीच कसोटी लावली पाहिजे. पहिल्या काही महिन्यांतील बातम्यांवरून तिला यशस्वी वा अपयशी ठरवणे म्हणजे दहा डावांवरून खेळाडू जोखणे होय. कुटुंबांवरील कर्ज घटले का, खेळणारे परदेशी बेकायदा संकेतस्थळांकडे वळले का, याची आकडेवारी सरकारने वर्षानुवर्षे गोळा करावी आणि ती संसदेपुढे ठेवावी. तोवर विजयाची घोषणा कोणत्याही बाजूने होऊ नये.