शिक्षा संपली, तरी खलाशी घरी का येत नाही?



भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. जुलै २०२५ च्या यादीत आपले १९३ मच्छीमार तिकडे होते. मच्छीमार आणि इतर कैदी धरून १५९ जणांची शिक्षा पुरी झालीय, त्यांना सोडा, असं आपल्या सरकारने तेव्हाच सांगितलं.

२००८ चा करार आहे. तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाने कैद्याला भेटायचं, नागरिकत्व पक्कं झालं आणि शिक्षा संपली की एका महिन्यात घरी पाठवायचं. राजकारण आडवं येतं हे खरंच. पण भेटायला माणूस तरी हवा ना? पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्हीकडच्या उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणली. तो निर्णय का झाला ते आम्हाला कळतं, त्यावर वाद नाही. आमची मागणी एवढीच, की त्या ३० मध्ये मच्छीमारांच्या कामाला एक-दोन माणसं राखून ठेवा. इस्लामाबादहून कराचीच्या मलीर तुरुंगात जाऊन एकेकाचं गाव, बापाचं नाव विचारायचं, हे उरल्यासुरल्या वेळात होणारं काम नाही. इकडे गावच्या पोलीस ठाण्यातून होणाऱ्या पडताळणीलाही मुदत घाला.

त्यांचेही ८१ मच्छीमार आपल्याकडे होते. तेही पोटासाठीच दर्यात आलेले. त्यांचे कागद आपण भराभर हलवले, तर आपल्या माणसांसाठी बोलायला तोंड राहील.

आपल्या मालीम, कुटबणच्या बोटी तिथवर जात नाहीत, मग आपल्याला काय, असं कोणी म्हणेल. पण खलाशी एका बंदराला बांधलेला नसतो. पालघर जिल्ह्यातली माणसं गुजरातच्या बोटींवर जातात. त्यातलाच एक मार्च २०२४ मध्ये कराचीच्या तुरुंगात वारला, मृतदेह यायला महिन्याच्या वर गेला. आपल्याकडे ओडिशा, झारखंडचे खलाशी आहेत. यंदा इथे असलेला पुढच्या सीझनला ओखा-पोरबंदरला असेल.

१ ऑगस्टला बंदी उठते तेव्हा सगळ्यांनाच घाई. तांडेल म्हणतो, ओळखीचा आहे, चालेल. चालत नाही हो! पकडला गेला की पहिला प्रश्न हाच, की हा कुठला. प्रत्येक खलाशाच्या आधारची झेरॉक्स, घरच्यांचा फोन नंबर आणि गावचं पोलीस ठाणं, हे बोट सुटायच्या आधी सोसायटीच्या ऑफिसात आणून द्या. खलाशी मधेच बदलला तर नवीन माणसाचेही द्या.