ट्रंकेतली लुगडी

जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की घरातील प्रत्येक वस्तूला आपल्या असण्याचे कारण द्यावे लागते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी या उपनगरांत असा प्रसंग आज अनेक कुटुंबांवर येतो. वर्षानुवर्षे राहत्या खोल्या रिकाम्या करायच्या, काही वर्षे भाड्याच्या आणि बहुधा आणखी लहान जागेत काढायची, म्हणून कपाटे, माळे आणि पलंगाखालच्या ट्रंका उघडल्या जातात. त्यांतून जे बाहेर येते, त्याची किंमत घरातील प्रत्येक जण निराळी करतो.

घाटकोपर पूर्वेच्या एका घरात अशीच एक ट्रंक होती. कुटुंब मूळचे इचलकरंजीकडचे, व्यवसाय कापडाचा, आणि घरातील कर्त्या मुलाचे रोजचे जाणे-येणे काळबादेवीच्या मुळजी जेठा मार्केटात. कापडावर तीन पिढ्या पोसल्या, तरी घरात सुई हाती धरणारे कोणी उरले नव्हते. सासूबाईंनी ऐंशी ओलांडलेली. त्यांची दृष्टी अधू झालेली. समोरचे माणूस ओळखू येई, सुईचे नेढे दिसत नसे. ट्रंकेत त्यांची पाच नऊवारी लुगडी होती. ती नेसणे त्यांनी कधीच सोडले होते. परंतु दर उन्हाळ्यात त्या ती बाहेर काढीत, उन्हात घालीत आणि पुन्हा घडी करून ठेवीत.

"आई, नवी जागा दोन खोल्यांची आहे. ट्रंक नाही नेता यायची," मुलाने एका रात्री सांगितले.

"बरं," एवढेच सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी सामानाविषयी एकही प्रश्न विचारला नाही. कोणते भांडे कोणाला गेले, कपाट विकले की ठेवले, याची चौकशी त्या आधी दिवसातून दहा वेळा करीत, ती थांबली. हे मुलाच्या ध्यानात आले नाही, पण सुनेच्या आले.

पुढच्या आठवड्यात बोहारीण आली. लुगड्यांकडे पाहून तिने एक स्टीलचे पातेले पुढे केले. सुनेने ते परत दिले आणि आत येऊन सासूबाईंना म्हणाली, "आई, यांची वाकळ करूया. वाकळ पलंगावरच राहील, तिला वेगळी जागा लागणार नाही."

"शिवणार कोण?"

"मी."

"अगं, साधं बटण तुटलं तर तू शिंप्याकडे पाठवतेस."

ते खरेच होते. तरी मकरसंक्रांत झाल्यावर सुनेने काम आरंभले.

कोल्हापूर-सांगलीकडे जिला वाकळ म्हणतात, तीच अन्यत्र गोधडी. शेजारच्या कच्छी आणि गुजराती घरांत तिला धडकी वा गोदडी म्हणतात. नावे अनेक असली तरी रीत जवळपास एकच: वापरून मऊ झालेले सुती कापड एकावर एक पसरायचे आणि सगळ्या पदरांतून धावदोरा घालून ते एकजीव करायचे. यात नवे काही विकत आणावे लागत नाही. नवशिक्याची पहिली चूक नेमकी येथे होते. सुनेने टाचण्यांचे डबे, नवा कापूस भरलेला थर, रंगीत रीळ आणि मोठी कात्री मागवली. रंग उठून दिसावा म्हणून स्वतःची एक सिंथेटिक साडीही बाजूला काढली. एके दुपारी सासूबाई मंदिरात गेल्या असताना तिने ट्रंकेतील दोन लुगडी काढली आणि त्यांचे चौकोन कापले. कोणती लुगडी, हे विचारायचे तिला सुचलेच नाही.

चार संध्याकाळी शिवून झाल्यावर मधोमध कापडाचा फुगवटा आला. पोट वर आणि कडा ओढलेल्या. सिंथेटिक तुकड्यावरून सुई निसटत होती. तो फुगवटा दाबून बसवण्याचा प्रयत्न चालू असता सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी कापडावरून हात फिरवला. एका तुकड्याच्या काठावर त्यांची बोटे थांबली.

"हे माझ्या आईचं," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

ते इरकली लुगडे त्यांच्या आईचे होते. आई गेल्यानंतर वाट्याला आलेली ती एकच वस्तू. दोन दिवस घरात कोणी कोणाशी मोजक्या शब्दांपलीकडे बोलले नाही. सुनेने क्षमा मागितली. सासूबाईंनी मान हलवली. कापलेले कापड पुन्हा सांधता येत नाही, हे दोघींनाही माहीत होते.

तिसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर सासूबाई आपण होऊन बैठकीच्या खोलीत आल्या. "ते तुकडे आण," त्या म्हणाल्या. "कापलं ते कापलं. पण आतल्या पदरात घालू नकोस. वर लाव, हाताला लागेल तिथं." मग त्यांनी तीन अटी घातल्या. नवा कापूस आणि सिंथेटिक साडी दूर ठेवायची. यापुढे कात्री लावायची नाही. काठाला लहानशी चीर देऊन कापड हाताने फाडायचे, म्हणजे ते आपल्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटते. आणि वाकळेला हात लावण्यापूर्वी एक दुपटे शिवायचे.

दुपट्याची अट सर्वांत शहाणपणाची होती. लांबी-रुंदी पाऊण मीटर, पदर तीन, आणि चूक झाली तर उसवायलाही एक संध्याकाळ पुरते. नात्यात एका घरी बाळ यायचे होते, त्यामुळे कामाला मुदतही होती. त्यासाठी सगळ्यांत विरलेले, म्हणून सगळ्यांत मऊ असलेले लुगडे निवडले. दुपटे शिवताना सुनेला जे शिकायला मिळाले, ते कोणत्याही नवशिक्याला उपयोगी पडेल. सगळे कापड आधी धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून घ्यावे. न धुतलेले आणि धुतलेले कापड एकत्र शिवले तर पहिल्याच धुण्यात एक आटते, दुसरे आटत नाही आणि सुरकुत्या पडतात. सुती कापडाला सुतीच जोड द्यावी. इरकलीचा तांबडा पदर वेगळ्या सुताचा असतो, म्हणून तो वेगळा काढावा. पदर पसरल्यावर आधी लांब लांब कच्चे टाके घालून ते जागच्या जागी धरावेत. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, नाहीतर गुंता होतो. गाठ दोन पदरांच्या मध्ये लपवावी. टाका ओढून आवळू नये. आणि शिवण कडेपासून सुरू करून चारही बाजूंनी फिरत मध्याकडे जावे. पुढचे कापड दर फेरीला हाताने सपाट करीत गेले की फुगवटा येत नाही.

हे सर्व सासूबाई डोळ्यांनी पाहत नव्हत्या. त्या तळहात फिरवीत आणि सांगत, "इथं आतला पदर गोळा झालाय," किंवा "हे चार टाके सैल आहेत." सून दिव्याखाली धरून पाही, तर तसेच असे. उसवावे लागे. तीन आठवड्यांत दुपटे झाले आणि फेब्रुवारीअखेर वाकळेची घडी मांडली गेली.

नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. त्याची चार पदरी घडी घातली की साधारण दोन मीटर लांबीचे आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंदीचे, म्हणजे एका माणसाच्या अंथरुणाएवढे पोट तयार होते. त्यावर कापलेल्या दोन लुगड्यांतील धड तुकडे जोडून वरचा थर केला. मुलगा दुकानातून परतला तेव्हा हे सगळे जमिनीवर पसरलेले होते आणि सोफा भिंतीला टेकवलेला. व्यापारी मनाने त्याने हिशेब मांडला. दोन मीटर गुणिले १.१५ मीटर, दोन ओळींत अंतर दोन सेंटिमीटर, म्हणजे धावदोऱ्याची एकूण लांबी सुमारे ११५ मीटर. सेंटिमीटरला एक टाका धरला तर साडेअकरा हजार टाके. रोज दोन मीटर झाले तरी ५८ संध्याकाळी. "बाजारात रजई तयार मिळते," तो म्हणाला.

"तू दुकानात किती तास बसतोस, त्याचा हिशेब मी कधी मागितला?" सासूबाईंनी विचारले.

त्याच्याकडे उत्तर नव्हते. मात्र ५८ हा आकडा घरात राहिला आणि त्याचा उपयोग झाला. किती काम आहे हे एकदा कळले की रोजचा वाटा ठरवता येतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराला संध्याकाळ मोकळी मिळते. साडेसातपर्यंत स्वयंपाकघर आवरून सून सुई घेऊन बसे आणि दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, सामायिकाला लागतात तेवढाच वेळ शिवून उठे. पाहुणे आले, कोणाला ताप आला, नातीची परीक्षा आली, तर खंड पडे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या दिवशी फुली नसे. मार्चअखेर हिशेब पुरे करण्यासाठी मुलगा रात्री उशिरा येई, तेव्हा वाकळेची दुसरी कड धरायला नात बसे.

याच बैठकांत नातीने एक दिवस सांगितले की गोधडी ही केवळ गरिबीची निशाणी मानण्याचे दिवस गेले आहेत. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया जुन्या कपड्यांची 'कवंदी' शिवतात. त्याही कडेपासून मध्याकडे जातात आणि चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी घडीची 'फुला' लावल्यावाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची लहानशी वस्ती आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतात घालून विटलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये त्यांची चित्रे तेथील टपाल तिकिटांवर आली.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. "त्यांच्या म्हाताऱ्यांना सुई ओवून कोण देत होतं?" त्यांनी विचारले.

प्रश्न नातीला होता, पण तो मुलाने ऐकला. आईला स्वतः शिवायचे आहे आणि तिला फक्त नेढे दिसत नाही, हे त्याला तेव्हा प्रथमच कळले. दुसऱ्या दिवसापासून मार्केटला निघण्यापूर्वी तो सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवू लागला. सासूबाई त्या सहा सुया दुपारभरात संपवीत. त्यांचे टाके डोळ्यांवाचून घातलेले असत, तरी एकसारखे. अंतर त्या अंगठ्याच्या पेराने मोजीत. त्यामुळे ५८ संध्याकाळींतून काही वाचल्या आणि खंड पडलेल्या दिवसांची भरपाई झाली.

मेच्या मध्यावर वाकळ पुरी झाली. ती सरळ नव्हती. एक बाजू दुसरीपेक्षा दोन बोटे लांब भरली. कडेचे टाके मोठे आणि वाकडे, मध्याकडे जावे तसे लहान आणि नेमके. शिवण बाहेरून आत गेल्यामुळे सून कोणत्या ओळीला काय शिकली, ते कोणालाही बोट ठेवून दाखवता येते. सुनेला कडेच्या ओळी उसवून पुन्हा घालायच्या होत्या. सासूबाईंनी ते करू दिले नाही. इरकलीचा काठ वरच्या थरात उजव्या हाताशी आला आहे, एवढे त्यांनी चाचपून पाहिले.

पाच लुगड्यांपैकी एक दुपट्यात गेले, तीन वाकळेत आणि एक सबंध ठेवले. ते ठेवायला कपाटात एक वीत जागा पुरली. रिकामी ट्रंक त्याच बोहारणीला दिली आणि पातेले घेतले. पावसाळ्यापूर्वी कुटुंब मुलुंडच्या भाड्याच्या घरी गेले. कोणते सामान कोठे लावायचे, हे सासूबाईंनी दाराशी खुर्ची टाकून, दहा वेळा विचारून, लावून घेतले.

घर हलवण्याची वेळ आज ना उद्या अनेकांवर येणार आहे. जागा मोजकी असते, भाडे भारी असते आणि प्रत्येक जुनी वस्तू नेता येत नाही, हे खरेच. त्यातून शिवण्याजोगे काही निघाले तर नवशिक्यांनी दुपट्यापासून आरंभ करावा आणि विकत काही आणू नये. परंतु कात्री लावण्यापूर्वी, किंबहुना ट्रंक उघडण्यापूर्वी, ती जिची आहे तिला विचारावे. या घरात ते विचारायचे राहिले, म्हणून एक लुगडे गेले. ते वाकळेच्या वरच्या थरात लागले, ही सासूबाईंची उदारता. ती प्रत्येक घरी मिळेलच असे नाही.