फोन घरात आला, मुलीच्या हातात कधी येणार?

२०२६-२७ पासून तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. त्यावर शिक्षकांमध्ये दोन बाजू पडल्या. काहींना वाटते, आता शिक्षण बदलणार. काहींना वाटते, पोरे बिघडणार. रहिमतपूर परिसरात शिकवताना आम्हाला मात्र तिसराच प्रश्न पडतो : हे यंत्र वर्गात आल्यावर नेमके कोणाच्या हातात असणार?

हा प्रश्न नवा नाही. बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तोच दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत फळा होता, पुस्तके होती, पाण्याचा नळही होता. पण भीमराव बसायचे घरून आणलेल्या गोणपाटावर, इतरांपासून वेगळे. नळाला हात लावायची सोय नव्हती. शिपायाने पाणी दिले तरच तहान भागायची. साधन शाळेत होते, पण त्यांच्यासाठी नव्हते.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. वडिलांना भेटायला घरातली मुले आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. म्हणजे आपल्या रहिमतपूरवरूनच ती गाडी पुढे गेली. स्टेशनवर घ्यायला कोणीच आले नाही. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैलगाडी हाकायची या अटीवर प्रवास झाला. वडील का आले नाहीत? मुलांनी पाठवलेले पत्र पोहोचले होते, पण नोकराने ते वडिलांच्या हातात दिलेच नव्हते.

आजच्या मोबाइलची गोष्ट याहून फार वेगळी नाही. तो घरापर्यंत पोहोचला आहे. घरात आल्यावर तो कोणाच्या हातात जातो, हे पाहायला हवे.

‘असर २०२४’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात १४ ते १६ वयोगटातील जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. ज्यांना तो वापरता येतो, त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, तर मुली २६.९ टक्के. आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारे ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. घरात यंत्र असणे आणि शिकायला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

आमचीच एक चूक

आम्ही वर्गात गटाने शिकायला सुरुवात केली तेव्हा चार-पाच जणांत एक टॅब दिला आणि बाजूला झालो. मुलांनीच शोधावे, मुलांनीच मांडावे, अशी कल्पना होती. आठवडाभराने नीट पाहिले, तर प्रत्येक गटात टॅब त्याच दोन-तीन मुलांकडे होता. मुली वहीत उतरवून घेत होत्या. का, तर त्यांचे अक्षर चांगले! वस्तीवरची दोन मुले गटात होती, पण कडेला. कोणी कोणाला काही बोलले नव्हते. गावातली उतरंड आपोआप वर्गात येऊन बसली होती, आणि आम्ही तिला ‘विद्यार्थिकेंद्री शिक्षण’ म्हणत होतो.

मग नियम केला. टॅब रोज वेगळ्या हातात जाईल. ज्याच्या हातात टॅब, त्याने बोलायचे नाही. प्रश्न दुसऱ्यांनी विचारायचे. विद्यार्थी दिवसाच्या तयारीत एका गटाने बाबासाहेबांच्या शाळेची माहिती शोधली. तारीख, शाळेचे नाव, फोटो, सगळे मिनिटभरात मिळाले. तेव्हा एरवी नुसते लिहून घेणाऱ्या मुलीने विचारले, “शिपाई सुट्टीवर असला की ते पाणी कुठे प्यायचे?” वर्ग गप्प झाला. त्या दिवशीचा पुढचा तास त्या प्रश्नाचा होता. उत्तर शोधायला यंत्र कामाला आले, पण प्रश्न सुचला तो त्या मुलीला.

साताऱ्याने आधीच करून दाखवले

मुलांनी स्वतः शिकण्याचा प्रयोग या जिल्ह्याला नवा नाही. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावाद वर्गात आणला. खडे, काड्या, जमिनीवर आखलेल्या आकृत्या आणि गटात बसलेली मुले, एवढ्यावर तो उभा राहिला. तो पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. त्याही आधी, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एका वसतिगृहात आणली. ती एकत्र राबली, जेवली, शिकली. साधने थोडी होती, पण कोण कोणाशेजारी बसणार हे ठरवून केलेले होते.

तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण त्या कोडमागे आपल्या मुलांना ओळखणारा एक शिक्षक होता. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा विचार राज्यात पुढे आला. अशा वेळी ‘आता सगळे ऑनलाइन आहे’ हे वाक्य वस्तीवरची शाळा बंद करण्याचे कारण होऊ शकते. त्यावर तरुणांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. शाळा दूर गेली की घरी बसते ती आधी मुलगी.

आपण काय करायचे?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. तो वेळ वाचनाचा, अभ्यासाचा. एका गावाला जे जमते ते आपल्या वस्तीला का जमू नये? आपल्याकडे विहार आहे. वंदना झाली की त्याला कुलूप लागते. तिथे रोज दोन तास अभ्यासिका चालवा. वस्तीतले दोन-तीन जुने फोन जमा करा, ते फक्त अभ्यासासाठी ठेवा आणि पाळीपाळीने द्या. पहिली पाळी मुलींची. भिंतीला एक वही टांगा, ज्यात मुलांनी फक्त प्रश्न लिहायचे. शिकलेल्या दादा-ताईंनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्या वहीला द्यावी.

कोणी सांगितले म्हणून खरे मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. पडद्यावर दिसले म्हणून खरे मानू नका, हे आता आपल्या मुलांना शिकवायचे आहे. ते शिकवायला माणूसच लागतो.

बाबासाहेबांच्या वाटेवर शिपाई उभा होता, गाडीवान उभा होता. आपल्या मुलीच्या आणि फोनच्या मध्ये आज बहुतेक घरी आपणच उभे आहोत. बाजूला होणे आपल्याच हातात आहे.

जयभीम.