पाकीट आणि पोच

भिवंडीत सुताचे बीम मागावर चढते, कापडाचे तागे उतरतात आणि टेम्पोत भरून रवाना होतात. या मालाच्या पुढेमागे चलन, बीजक, पोचपावती असा कागदांचा तांडा चालत आलेला आहे. आता त्यातले पुष्कळसे कागद संगणकातील संदेश झाले आहेत. या बदलाचे स्वागत करताना एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे : या नव्या व्यवहारात पुरावा कोणाच्या हाती राहतो?

दोन व्यापाऱ्यांचे संगणक परस्परांशी बोलू लागले, की नुसता मजकूर पुरत नाही. त्याला पाकीट लागते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आश्रयाने ‘एडिफॅक्ट’ ही पद्धती तयार झाली आणि 1987 साली तिच्या लेखननियमांना आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. तिच्यात पाकिटाच्या पहिल्या ओळीवर पाठविणारा, घेणारा, दिनांक, वेळ आणि संदर्भक्रमांक असतो. अखेरच्या ओळीत आतल्या कागदांची मोजदाद आणि तोच क्रमांक पुन्हा येतो. मोजदाद जुळली नाही, तर वाटेत काही गळाले हे ताबडतोब कळते. शिवाय घेणाऱ्याने उलट पोच देण्याचीही सोय आहे. कोणत्याही जुन्या पेढीवरील मुनिमाला यात नवे काही वाटणार नाही. त्याची शिस्तच येथे यंत्राला शिकविली आहे.

आपल्याकडे वस्तू व सेवा कराच्या निमित्ताने ही शिस्त आली. 1 ऑक्टोबर 2020 पासून पाचशे कोटींवरील उलाढालीच्या उद्योगांना ई-बीजक सक्तीचे झाले. ती मर्यादा उतरत 1 ऑगस्ट 2023 रोजी पाच कोटींवर आली. ठरीव नमुन्यातील बीजक सरकारमान्य नोंदणी-संकेतस्थळावर जाते आणि चौसष्ट अक्षरांचा क्रमांक, डिजिटल स्वाक्षरी व क्यूआर चौकोन घेऊन परतते. मागाहून त्यात आकडा फिरविला, तर तो लपत नाही.

परंतु भिवंडीतील थोडक्या मागांचा मालक या चौकटीबाहेरच आहे. तो व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. त्याची उलाढाल पाच कोटींच्या जवळपासही जात नाही. महाराष्ट्र शासनाने 2018 साली सूत, कापड आदी माल जॉबवर्कसाठी राज्यात पन्नास किलोमीटरच्या आत नेताना ई-वे बिलाची माफी दिली. सवलत योग्यच होती. अन्यथा गल्लीतून गल्लीत बीम नेणे मुश्किल झाले असते. पण त्यामुळे या फेरीची विद्युत नोंद राहात नाही, हेही खरे. जॉबवर्कला धाडलेल्या मालाचे विवरणपत्र भरतो तो माल धाडणारा, विणणारा नव्हे. म्हणजे कारागिराच्या हाती उरते ते कागदी चलन, आणि तेही मिळाले तर!

यात काय बिघडते? 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उद्योजकाचे पैसे, लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत आणि नसल्यास पंधरा दिवसांत मिळाले पाहिजेत; विलंबास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. हे दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचल्याचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. तो दिवसच सिद्ध करता आला नाही, तर कायद्याचे शस्त्र म्यानातच राहते.

लहान मालकावर आणखी एक विवरणपत्र लादू नका, ही हरकत रास्त आहे. तशी मागणीही नाही. माल घेणाऱ्याने तागे, मीटर आणि दिनांक यांची पोच द्यावी. ती दोघांच्याही फोनवर एकाच क्रमांकाने, एकाच स्वरूपात उमटावी. आणि ती मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू यांपैकी विणणाऱ्याला वाचता येईल त्या भाषेत असावी, एवढेच. त्यासाठीचा नमुना शासनाने खुला व विनामूल्य ठेवावा; तो कोणा एका कंपनीची मिरास होऊ नये.

वाणिज्य शाखेच्या अध्यापकांनीही हा विषय फळ्यावर आणावा. पाकीट कसे बांधतात हे ज्याला कळते, तोच आपली पोच मागू शकतो. मालाबरोबर पुरावाही दोन्ही बाजूंना पोचला पाहिजे. तो एकाच पेढीत अडकला, तर यंत्र बदलले आणि व्यवहार जुनाच राहिला, असे म्हणावे लागेल.