पातळ पत्र्याला गॅस कटर लावू नका



आज पिकाची नाही, पिकअपची गोष्ट. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा यंदा पार चाळण झाला. चूक आपलीच. मागं जागा नसली की पोटॅशची फुटकी गोणी केबिनमध्ये टाकायची सवय. एमओपी म्हणजे क्लोराइडच. ओल धरून ठेवतं आणि मॅटखाली गुपचूप पत्रा खातं.

दोन वर्षांपूर्वी दुसरी बाजू अशीच गेली होती. तेव्हा गाडी वर्कशॉपला टाकली. त्यांनी मॅट न काढताच थेट गॅस कटर लावला. मॅट पेटली, वायरिंग वितळलं. जवळ वाळूचा ढीग होता म्हणून गाडी वाचली. वर पत्रा एवढा वाकला की नवा तुकडा बसेना. गॅस कटर नांगराच्या जाड पट्टीला ठीक आहे. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, त्याला ती आच कशाला?

या वेळी घरीच कापला. माझं मत सांगतो, पटलं तर बघा. 4 इंची ग्राइंडर आणि 1 मिलिमीटरचं कटिंग व्हील, एवढ्यात बहुतेक काम होतं. जाड व्हील घेऊ नका, पत्रा तापतो आणि काप रुंद पडतो. पातळ व्हील मात्र कापताना तिरकं केलं की फुटतं. गार्ड काढून चालवणारे आपल्याकडे घरटी एक सापडतील, पण फुटलेला तुकडा थेट तोंडाकडे येतो हो! लाकूड कापायचं दातेरी पान तर ग्राइंडरला लावूच नका. व्हीलच्या मधल्या कडीवर मुदत छापलेली असते, आम्ही बियाण्याच्या पिशवीवरची बघतो तशी तीही बघायची.

पण जिथं पत्र्याच्या मागं डिझेलची नळी किंवा वायरिंग आहे, तिथं ग्राइंडर बाजूला ठेवा. ठिणगी कुठं जाते ते दिसत नाही. तिथं मी पत्रा कापायची कात्री वापरली, कोपऱ्यात छन्नी. वेळ दुप्पट लागला, हाताला फोड आले. चालतंय. त्याआधी बॅटरीची वायर काढली, सीट आणि मॅट बाहेर घेतली, पाण्याची बादली आणि ओलं पोतं जवळ ठेवलं. डोळ्याला चष्मा लावलाच.

किती कापायचं? स्क्रूड्रायव्हरनं टोचत जायचं. आत घुसतोय तोवर गंज आहे. टणक लागलं की पुढं बोटभर सोडून खूण करायची. मी हाताएवढं भोक समजून बसलो, निघालं सुपाएवढं.

चॅसीपर्यंत गंज गेला असेल तर मात्र घरी हात लावू नका, जाणत्या माणसाला दाखवा. माझी चॅसी टोचून बघितली, टणक आहे. तुकडा वेल्डिंगला उद्या नेतोय.