पापुद्रा औषध देईल, पायावरचा भार कोण उतरवणार?

मधुमेहामुळे पायाला जखम झालेले रुग्ण आमच्या सरकारी रुग्णालयात येतात, तेव्हा नातेवाइकांनी हल्ली बऱ्याचदा औषधी पापुद्र्याचे महागडे पाकीट आधीच विकत घेतलेले असते. हातावर पोट असलेली माणसे असतात ही. ‘हे लावलं की जखम भरते’ असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते.

हे पापुद्रे म्हणजे थोतांड नव्हे. कोळंबी-खेकड्याच्या टरफलांपासून कायटोसान मिळते, समुद्री शेवाळापासून अल्जिनेट, जनावरांच्या कातडीपासून कोलॅजेन. अशा पदार्थाचा पातळ पडदा करून त्यात जंतुनाशक मुरवतात. जखमेतला स्राव शोषून पडदा फुगतो आणि औषध बाहेर झिरपू लागते. पडद्याची वीण जितकी घट्ट, तितके ते सावकाश येते. मधुमेहात पायाच्या रक्तवाहिन्या चिंचोळ्या झाल्या, की गोळी-इंजेक्शनचे औषध जखमेपर्यंत पुरेसे पोचत नाही. तेव्हा ते थेट जागेवरच द्यावे, हा विचार बरोबरच आहे. शिवाय जखम ओलसर राहते. जखम वाळू द्यावी, खपली धरू द्यावी, असे आपल्याकडे अजून म्हणतात. पण झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच डुकरांवरील प्रयोगांत दाखवले होते.

तरीही मधुमेही पायाच्या जखमेवर असा पापुद्रा आणायला मी सहसा सांगत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत पापुद्र्याभोवतीचे जंतू मरतात, ते खरे. पण बशीत मेलेले मांस नसते, जंतूंनी स्वतःभोवती धरलेला चिकट थर नसतो आणि त्या बशीवर कोणी उभे राहून दिवसभर कामही करत नाही. तळव्याची जखम होते ती मुळात संवेदना गेल्यामुळे, त्याच जागी पावलागणिक दाब पडत राहिल्यामुळे. तो दाब कोणताही पडदा काढत नाही. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांतही, निव्वळ जखम भरावी म्हणून जंतुनाशक ड्रेसिंग वापरू नये, असेच म्हटले आहे. पापुद्र्यात प्रतिजैविक असेल तर आणखी एक धोका: शेवटी शेवटी ते इतके कमी झिरपते की जंतू मरत नाहीत, उलट त्याला सरावतात.

आधी पायाची नाडी तपासायची, मेलेले मांस कापून काढायचे, साखर आटोक्यात आणायची आणि पायावरचा भार उतरवायचा. रक्तपुरवठा ठीक असेल आणि जंतुसंसर्ग फार नसेल, तर त्यासाठी गुडघ्यापर्यंतचे प्लास्टर उत्तम. ते आमच्याकडे होते. रुग्ण नको म्हणतो, कारण मग कामावर जाता येत नाही. त्याची अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडेही औषध नाही.

पापुद्र्याची खरी जागा वेगळी आहे. हिरडीच्या खोल खळग्यात चूळ पोचत नाही, तिथे 2.5 मिलिग्रॅम क्लोरहेक्सिडिन असलेली जिलेटिनची चकती बसवली, तर आठवडाभर औषध मिळत राहते. भाजलेल्या मुलाच्या स्वच्छ, उथळ जखमेवर कोलॅजेनचा पडदा चिकटला, की रोज पट्टी ओढून काढण्याच्या यातना टळतात. तिथे औषध नसलेला साधा पडदाही पुरतो. पण खरेदीच्या फाइलवर एका गॉजची किंमत आणि एका पडद्याची किंमत शेजारीशेजारी लिहिली जाते. टळलेल्या ड्रेसिंगसाठी त्या फाइलवर रकानाच नसतो.