गोड लागणं आणि गोड असणं

शनिवारी रात्री सिंगापूरमधल्या एखाद्या मराठी घरात बाटली उघडली, की निकाल ठरलेला असतो: "बोर्बन मक्याची, म्हणून गोड. कोन्यॅक द्राक्षांची, तीही गोड, पण खानदानी." पाठोपाठ मधुमेह असलेल्या काकांना सल्ला मिळतो, "तुम्ही ही घ्या, हिच्यात साखर कमी." या निकालातलं एकही कलम मला मान्य नाही.

द्राक्षं गोड, मक्याच्या पिठुळाचीही साखर होते, हे खरं. पण तो गोडवा बाटलीपर्यंत पोचत नाही. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवतं आणि उरलीसुरली साखर भट्टीच्या भांड्यातच राहते, कारण तिची वाफ होत नाही. पटत नसेल तर आपल्याकडचं उदाहरण घ्या. मोहाचं वाळलेलं फूल मनुकेसारखं गोड, काजूचं बोंड रसाळ. पण मोहाची पहिली धार किंवा गोव्याची फेणी कोणी गोड म्हणेल का? वास उतरतो, साखर मागे राहते.

मग बोर्बन गोड का लागते? लाकडामुळे. अमेरिकन कायद्यानुसार बोर्बनसाठी किमान 51 टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या, नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. जळताना लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं, लाकडातल्या शर्करा करपून कॅरमेलचा स्वाद देतात. व्हॅनिलाचा वास आपण जन्मभर आइस्क्रीम आणि केकबरोबर घेतलेला. नाकाला तो आला की जीभ 'गोड' म्हणून मोकळी होते. कोन्यॅकची पिंपं जाळलेली नसतात, शेकलेली असतात, आणि ती अनेकदा जुन्या पिंपांतही वर्षानुवर्षं राहते. म्हणून तिचा स्वाद सुकामेव्याकडे झुकतो.

आता खानदानाचं बघू. बोर्बनमध्ये रंग किंवा साखर मिसळायला अमेरिकन कायदा परवानगी देत नाही. (मध वगैरे घातलेल्या 'फ्लेवर्ड' बाटल्या वेगळ्या.) कोन्यॅकच्या फ्रेंच नियमांत मात्र थोडी साखर, रंगासाठी कॅरमेल आणि ओकचा अर्क घालायची मुभा आहे, लेबलावर ते सांगण्याची सक्ती नाही. सगळेच घालतात असं नाही, प्रमाणही थोडंच. पण जिला आपण रांगडी म्हणतो तिला ही सूट नाही आणि खानदानीला आहे, एवढं तरी लक्षात असू द्यावं.

"अहो, चवीचा विषय आहे, विज्ञान कशाला?" चवीबद्दल माझं भांडण नाही. ज्याला जी आवडेल ती त्याने प्यावी. भांडण काकांना दिलेल्या सल्ल्याशी आहे. 40 टक्के तीव्रतेच्या 30 मिलीत साधारण साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि त्याच्या 65च्या आसपास कॅलरी, बाटली कोणतीही असो. यकृत अल्कोहोलचा निपटारा करण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडण्याचं त्याचं काम मंदावतं. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याची साखर अशा वेळी, विशेषतः रिकाम्या पोटी, धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, अडखळणं, असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. मैफलीत कोणी ओळखेल? "काकांना चढली" म्हणून आपण हसू.

उलट बाजूही आहे. साखर कमी म्हणून निवडलेल्या त्या पेगात आपणच ग्लासभर कोला ओततो. 2022च्या डिसेंबरअखेरीपासून सिंगापूरमध्ये गोड डबाबंद पेयांवर श्रेणी छापावी लागते. 100 मिलीत 10 ग्रॅमहून जास्त साखर असेल तर थेट 'डी'. दारूच्या बाटलीवर अशी श्रेणी नसते, म्हणून तिथे आपण आपल्या जिभेलाच प्रयोगशाळा समजतो.

पुढच्या शनिवारी काकांना कोणती गोड हे सांगू नका. आधी जेवायला वाढा, आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत ते विचारा.